पाळकसाहेब तिला प्रभुभोजन देतील का?

मध्य मुंबईतल्या एका मराठी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, जुन्या सभासद असलेल्या एक आई आमच्याकडे समुपदेशनाला आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) त्यांचं थोरलं अपत्य मुलगा म्हणून वाढलं आणि विशीत घर सोडून गेलं. आता ती तिशीची ट्रान्सवुमन आहे, नोकरी करते. मायलेकींचं बोलणं पुन्हा सुरू झालं, तेव्हा तिने एवढंच मागितलं, की रविवारी आईशेजारी उपासनेला बसायचं. आईंना लोकांच्या बोलण्याची फारशी धास्ती नव्हती. “प्रभुभोजनाच्या वेळी पाळकसाहेबांनी तिला वगळलं, तर ती पुन्हा देवाकडे वळणारच नाही,” ही त्यांची खरी भीती. प्रभुभोजन म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी.

या भीतीमागे दोन वचनं होती. प्रार्थनागटातल्या कुणीतरी त्यांना बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातली 22:5 आणि 23:1 दाखवली होती. पहिलं पुरुषाने बाईचे कपडे घालू नयेत असं सांगतं, दुसरं षंढाला परमेश्वराच्या मंडळीत मज्जाव करतं. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा पुढे वाचत जाणं बरं. यशया 56:3-5 मध्ये त्याच षंढांना देव आपल्या घरात, आपल्या भिंतींच्या आत, मुलामुलींहूनही चांगलं नाव देण्याचं वचन देतो. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 8 मध्ये कूशी षंढ रथात बसून यशयाच वाचत असतो. वाटेत पाणी दिसताच तो विचारतो, की मला बाप्तिस्मा घ्यायला काय अडचण आहे? फिलिप्प त्याला तिथेच बाप्तिस्मा देतो. बायबलमधले षंढ आणि आजच्या ट्रान्स व्यक्ती एकच नव्हेत, हे आईंना स्पष्ट सांगितलं. पण आत कुणाला घ्यायचं, हा प्रश्न तेव्हाही हाच होता, आणि शास्त्र त्यात कोणत्या दिशेने सरकत गेलं ते त्यांनी स्वतः वाचलं.

एका नातेवाइकाने सुटकेची (दुष्ट आत्मा घालवण्याची) प्रार्थना आणि उपास सुचवला होता. त्याला आम्ही ठाम नकार द्यायला सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 मध्ये, म्हणजे 2022पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात, ट्रान्स असणं मानसिक आजारांत मोडत नाही. लिंगओळख ‘बदलण्याचे’ उपचार करणं हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरतं, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 साली राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलं आहे. ही मुलगी विशीत घरातून गेली ती अशाच एका रात्रभराच्या प्रार्थनेनंतर. तिच्यासाठी प्रार्थना जरूर करावी, पण कशासाठी करायची ते तिने सांगावं.

मग पाळकांची भेट. ती उपासनेनंतर दारात उभ्याउभ्या घेऊ नये. मधल्या वारी वेळ मागून बसावं. आधी मुलीला विचारावं, की पाळकांना काय सांगायचं आणि काय नाही. शस्त्रक्रिया झाली का, हा प्रश्न पाळकांनीही विचारायचा नसतो. सर्वांत फसवं उत्तर म्हणजे “देवाचं घर सगळ्यांना उघडं आहे.” ते ऐकून घरचे निर्धास्त होतात, आणि रविवारी नेमकी अडचण येते. म्हणून प्रश्न कागदावर लिहून नेले: तिला कोणत्या नावाने हाक मारणार? बायका एका बाजूला बसतात तिथे ती आईशेजारी बसेल ना? शौचालय कोणतं? प्रभुभोजन मिळेल का? तिचा बाप्तिस्मा आणि दृढीकरण (पूर्ण सभासद होण्याचा विधी) याच चर्चमध्ये झालेलं, त्यामुळे पाळकांनी या शेवटच्या प्रश्नाला थेट होकार दिला. “बघू” म्हणाले असते तर त्याला नकार समजून, स्पष्ट उत्तर मिळेपर्यंत थांबायला आम्ही सांगितलं असतं.

बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतल्या जुन्या नावावरून पहिल्याच भेटीत भांडू नये. ती त्या दिवशी झालेल्या विधीची नोंद असते. वर्गणीचं कार्ड, सभासदांची यादी आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप इथलं नाव मात्र लगेच बदलता येतं, आणि रोज दुखतं ते तिथेच.

पहिला दिवस नाताळ किंवा ईस्टरचा नको. गर्दीत कोण काय बोलेल याला धरबंध नसतो, आणि सगळे पाहुणे असतात. साधा रविवार निवडला. पाळकांना व्यासपीठावरून ‘खास स्वागत’ करू नका असं आवर्जून सांगितलं, कारण त्याने सगळ्या माना एकदम वळतात. त्याऐवजी महिला मंडळातल्या दोघी आधीच तयार ठेवल्या. त्यांचं काम म्हणजे नेहमीसारखा सलाम करायचा, स्तोत्राचं पुस्तक द्यायचं, नंतर चहाला सोबत उभं राहायचं.

तरी एक प्रसंग घडलाच. एका बाईंनी तान्हं बाळ तिच्यापुढे धरून आशीर्वाद मागितला आणि हातात नोट ठेवली. मुंबईत सिग्नलवर, लोकलमध्ये जे पाहिलं तेच चर्चमध्ये आलं. त्या बाईंचा हेतू वाईट नव्हता, पण त्या क्षणी मुलगी मंडळीतली बहीण राहिली नाही. सोबतच्या दोघींपैकी एकीने नोट परत केली आणि म्हणाली, “आशीर्वाद पाळकसाहेब देतील, ही आपल्या ताईंची लेक.” एवढं पुरलं. घरी गेल्यावर मुलगी रडली, आणि पुढचे दोन रविवार आली नाही. यात काही बिघडलं असं मानू नये. येण्या-न येण्याचा वेग तिचाच असू द्यावा. अशा काळात जगणं नकोसं वाटू लागलं, तर 14416 हा सरकारी टेलि-मानस क्रमांक चोवीस तास विनामूल्य आहे.

पुढे वसईच्या कॅथलिक मावसबहिणीने तिला बाळाची धर्ममाता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाच्या श्रद्धेची जबाबदारी घेणारी, व्हायला विचारलं. चालेल का? व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धान्त विभागाने 2023 साली पोप फ्रान्सिस यांच्या मान्यतेने उत्तर दिलं आहे: ट्रान्स व्यक्तीला बाप्तिस्मा मिळू शकतो, काही अटींवर ती धर्ममाता-धर्मपिताही होऊ शकते, पण तो हक्क नव्हे, निर्णय स्थानिक धर्मगुरूंच्या विवेकावर. शिवाय कॅथलिक नियमानुसार धर्ममाता कॅथलिकच लागते; आपल्या मंडळीतली असल्याने ती कॅथलिक धर्ममाता-धर्मपित्यासोबत साक्षीदार म्हणूनच उभी राहू शकते. त्याच विभागाच्या 2024च्या दस्तऐवजात लिंगबदलाच्या उपचारांना विरोध आहे, हेही तिला सांगितलं. अर्धंच सांगितलं असतं तर उरलेलं तिला फादरांसमोर बसून कळलं असतं.

आता गायनवृंदाचा प्रश्न आला आहे. वयात येताना फुटलेला आवाज स्त्री-संप्रेरकांनी पुन्हा बारीक होत नाही, म्हणून ती टेनरच, म्हणजे सहसा पुरुष गातात तो वरचा सूर, गाते. साडी मात्र गायनवृंदातल्या बाकी बायकांसारखीच. महिला मंडळाच्या मुक्कामी शिबिरात तिची खोली कुणाबरोबर, हे अजून ठरायचं आहे. ते यादी लागायच्या आधी तिला आणि जिच्याबरोबर ती राहील तिला, दोघींनाही वेगवेगळं विचारून ठरवा, असं आईंना सांगितलं आहे.