टाके निघाले, पण हाडाने स्क्रू अजून धरलेला नाही

प्रश्न : माझं वय ५८. बारा दिवसांपूर्वी खालच्या डाव्या दाढेच्या जागी इम्प्लांटचा स्क्रू बसवला. टाके निघाले, सूज उतरली, आता काही दुखत नाही. हिरडीतून एक चकचकीत बटण तेवढं दिसतं. डॉक्टर म्हणतात, कॅप तीन महिन्यांनी. सगळं भरून आलंय तर एवढं थांबायचं कशाला? भाकरी कधीपासून खाऊ? ऑपरेशनपासून मशेरी बंद केली आहे, पण ती लावल्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही. थोडी लावली तर चालेल का? धातूचा दात, तो काही किडणार नाही. मला साखरेची गोळी सुरू आहे.
— एक वाचक भगिनी, कराड तालुका

उत्तर : ताई, तुमचा स्क्रू आज पहिल्या दिवसापेक्षा जास्त नाजूक आहे. डॉक्टरांनी तो बसवला तेव्हा भोक पाडून घट्ट पिळला होता आणि त्या घट्टपणावर तो उभा होता. आता शरीर त्याच्याभोवतीचं दाबलं गेलेलं जुनं हाड काढून नवं भरतंय. जुनं आधी जातं, नवं मागून येतं. त्यामुळे साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात पकड सगळ्यात कमी असते. नेमकं याच दिवसांत हिरडी गुलाबी दिसते, दुखायचं थांबतं आणि माणूस निर्धास्त होतो.

तुमचा स्क्रू टायटॅनियम धातूचा असतो. हाड टायटॅनियमला धरतं, हे स्वीडनचे संशोधक ब्रोनमार्क यांच्या १९५२ साली लक्षात आलं. त्यांनी सशाच्या हाडात टायटॅनियमचं एक छोटं उपकरण बसवलं होतं. प्रयोग संपल्यावर ते काढायला गेले, तर हाडाने ते सोडलंच नाही. १९६५ साली त्यांनी पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. हाडाने अशी पकड घ्यायला खालच्या जबड्यात सहसा तीन महिने जातात, वरच्यात हाड पोकळसर असतं म्हणून थोडे जास्त. या काळात स्क्रू सारखा हलत राहिला, तर हाडाऐवजी मऊ तंतू भरतात आणि मग तो कधीच पक्का होत नाही. तुमचे डॉक्टर थांबायला सांगतात ते यासाठी.

भाकरी आजही खा, पण आमटीत नाहीतर दुधात कुस्करून आणि उजव्या बाजूने चावून. शेंगदाणे, चकली, कडक चिवडा, सुपारी कॅप बसेपर्यंत बंद. बटणावर चुकूनही काही चावू नका. जीभ सारखी तिकडे जाते, बोटाने हलवून बघावंसं वाटतं, तेही टाळा.

बटणाची कडा मात्र रोज घासायची. पुष्कळजण भीतीने तिथे ब्रशच नेत नाहीत आणि आठवड्यात त्यावर पांढरट थर चढतो. लहान मुलांचा मऊ ब्रश घ्या, हिरडी आणि धातू जिथे भेटतात तिथे हलक्या हाताने गोल फिरवा. गुळण्यांचं क्लोरहेक्सिडिनचं औषध दिलं असेल, तर पेस्ट लावून घासल्यावर लगेच वापरू नका, अर्धा तास जाऊ द्या. पेस्टमुळे त्याचा गुण कमी होतो. डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा जास्त दिवसही ते घेऊ नका, दातांवर तपकिरी डाग पडतात.

तुमचं ‘किडणार नाही’ हे वाक्य मला फार लागलं, कारण गेल्या पावसाळ्यात तेच एका निवृत्त एसटी कंडक्टरांकडून ऐकलं. सहा वर्षांपूर्वी मीच त्यांना दाढ बसवली होती. वर्षभर तपासणीला आले, मग थांबले. ‘मॅडम, दुखतच नव्हतं, मग येऊ कशाला?’ एक्स-रेमध्ये स्क्रूचे निम्मे आटे हाडाबाहेर होते. काढताना जोर लावावाच लागला नाही, उलटा फिरवला आणि हातात आला. कापसावर ठेवला, तर आट्यांत पिवळं कीटण घट्ट बसलेलं. ते कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

धातू किडत नाही हे खरं, पण त्याला धरणारी हिरडी आणि हाड तुमचंच आहे. आपल्या मूळच्या दाताभोवती तंतूंची एक गादी असते. दाब पडला की तीच सांगते. स्क्रूला ती गादी नाही, म्हणून हाड झिजत गेलं तरी आतून ठणक येत नाही. रक्त तेवढं दिसतं. घासताना बटणाच्या किंवा पुढे कॅपच्या कडेला रक्त आलं की डॉक्टरांकडे जायचं, दुखायची वाट बघायची नाही. कॅप बसल्यावर फटीतला बारीक ब्रश रोज फिरवा, प्लास्टिकचं आवरण असलेल्या तारेचा. उघडी तार धातूवर ओरखडे पाडते. दर सहा महिन्यांनी तपासणी ठेवा.

आता मशेरी. माझी आजी तव्यावर तंबाखू भाजायची, तो वास मला अजून आठवतो, त्यामुळे ही सवय किती आत रुजते हे मला ठाऊक आहे. तरी सांगते, थोडीसुद्धा नको. तंबाखूने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड भरायला लागणारं रक्तच तिथे पोचत नाही. त्यात तुम्हाला साखर. तोंडाच्या कॅन्सरची भीती तर वेगळीच. पोट साफ होत नाही ते निकोटीनची आतड्यांना सवय झाली होती म्हणून. ती सुटते. रात्री इसबगोल, सकाळी कोमट पाणी, जेवणात पपई आणि पालेभाजी, काही आठवडे तग धरा. सगळ्यात अवघड दिवस तुम्ही आधीच काढले आहेत ताई, ते वाया घालवू नका. अगदीच राहवलं नाही, तर तंबाखू सोडवण्यासाठी सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत फोनसेवा आहे. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी कधी झाली तेही बघा. आकडा दातांच्या डॉक्टरांना दाखवा. हाडं ठिसूळ होतात म्हणून वर्षाचं इंजेक्शन किंवा आठवड्याची गोळी घेत असाल, तर तेही न विसरता सांगा.

बटण कधी सैल वाटलं किंवा निघून हातात आलं, तर घाबरू नका. बहुतेक वेळा वरचं टोपण सैल झालेलं असतं, आतला स्क्रू जागेवर असतो. स्वतः पिळू नका, स्वच्छ डबीत ठेवा आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जा. उशीर केला तर हिरडी त्या भोकावर मिटते आणि पुन्हा कापावी लागते.