चौथीतला मुलगा वारंवार खोटं बोलतो. पालकांनी काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मुलाने गणिताचा पेपर दप्तराच्या तळाशी लपवला, 'बाईंनी अजून पेपर दिलेच नाहीत' म्हणून सांगितलं, बाबांनी फटके दिले आणि तेव्हापासून तो जास्तच खोटं बोलतो. मी प्राथमिक शाळेत शिकवते. असे चार घड्या घातलेले पेपर मी पुष्कळ पाहिलेत. त्यामागे बहुतेक वेळा लबाडी नसते, भीती असते.

सगळ्यात आधी एक करा: ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे, तो प्रश्न त्याला विचारू नका. पेपर सापडलाय, वीसपैकी सात मार्क दिसतायत, तरी आपण विचारतो, "काय रे, पेपर दिले का?" तेव्हा आपणच त्याला खोटं बोलायला भाग पाडतो. त्यापेक्षा पेपर समोर ठेवा आणि सरळ म्हणा, "तुझा पेपर मला सापडला. दाखवायची भीती वाटली का?" मग गप्प बसा. मूल लगेच बोलणार नाही. खाली मान घालून चटईचे धागे उपसत बसेल. बसू द्या. तेवढा वेळ न ओरडता काढणं आपल्यालाच जड जातं, पण खरं काय ते त्यानंतरच बाहेर येतं.

फटक्यांचं म्हणाल तर, व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली या संशोधकांनी पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांमधल्या लहान मुलांची तुलना केली होती. एका शाळेत मारण्याची पद्धत होती, दुसरीत नव्हती. २०११ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मार देणाऱ्या शाळेतली मुलं जास्त खोटं बोलत होती आणि ते जास्त सफाईने निभावतही होती. तुमच्या घरी तेच चाललंय असं मला वाटतं. बाबांशी हे बोला, मात्र मुलासमोर नको.

ली यांच्याच गटाचा २०१४ चा एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. 'लांडगा आला रे आला' ऐकवून मुलांचं खोटं कमी झालं नाही. झाड तोडल्याचं कबूल केल्यावर वडिलांची शाबासकी मिळवणाऱ्या छोट्या जॉर्ज वॉशिंग्टनची गोष्ट ऐकलेली मुलं मात्र जास्त खरं बोलली. म्हणून त्याने आपणहून काही सांगितलं, की पहिलं वाक्य "बरं झालं सांगितलंस" हेच असू द्या. याचा अर्थ सगळं माफ असा नाही. दूध सांडलं असेल तर फरशी त्यानेच पुसायची. लपवलेल्या पेपरवर तुम्ही सही करायची आणि बाईंना तो त्याने स्वतः नेऊन द्यायचा.

पाहुण्यांसमोर त्याला 'खोटारडा' म्हणू नका. आणि फोन आला की "बाबा घरी नाहीत म्हणून सांग" हे त्याच्याकडून वदवून घेणंही बंद करा.

राहिलं गणित. या आठवड्यात वर्गशिक्षिकेला एकट्याच भेटा आणि तो नेमका कुठे अडलाय ते विचारा. चौथीत बऱ्याच मुलांचं घोडं भागाकारात अडतं. रोज संध्याकाळी त्याच्या शेजारी बसून दोन-तीन उदाहरणं सोडवून घेतलीत, तर पुढचा पेपर लपवायची वेळ बहुधा येणार नाही.