निर्यातबंदीनं घेणाऱ्याचं काय होतं? आमच्या दाजींना विचारा

संकटात एखाद्या देशानं अन्नधान्य बाहेर पाठवणं थांबवलं तर विकत घेणाऱ्या देशांचं काय होतं, असा प्रश्न आहे. मी विकणाऱ्याच्या बाजूचा, वैजापूर तालुक्यातला कांदेवाला. तरी सांगतो.

८ डिसेंबर २०२३, शुक्रवार. रात्रीच ट्रॉली भरून ठेवलेली. सकाळी मार्केटला गेलो तर कळलं, निर्यातबंदी लागली. लिलावच नाही. आदल्या दिवशी शेजाऱ्याचा माल क्विंटलला साडेतीन हजारानं गेला होता, माझा पुढच्या आठवड्यात सतराशेला मागितला. लाल कांदा होता, तो टिकत नाही; उन्हाळी असता तर कांदाचाळीत साठवून वाट बघितली असती. देऊन टाकला.

त्याच संध्याकाळी पुण्याहून दाजींचा फोन. "बरं झालं, गरिबानं कांदा खायचा का नाही?" दाजींच्या घरी कांदा आमच्याच वावरातून जातो, फुकट. पण थोरल्या बहिणीचे यजमान, उलट कसं बोलणार? म्हणून इथं बोलतोय.

हेच दाजी २०२२ च्या उन्हाळ्यात तेलाच्या डब्यापायी इंडोनेशियाला शिव्या घालत होते. २८ एप्रिलला त्यांनी पामतेल बाहेर पाठवणं बंद केलं होतं आणि आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. अहो दाजी, त्यांनीही घरचं तेल महागलं म्हणूनच बंद केलं होतं! तिथल्या शेतकऱ्याच्या पामफळाचा भाव पडला, ते रस्त्यावर आले, महिन्याच्या आत बंदी उठली.

तर घेणाऱ्याचं दाजींसारखं होतं, गरीब देशात त्याहून वाईट. २०१९ ला आपण कांदा थांबवला, तर बांगलादेशात किलो तिथल्या चलनात २५० टाकांच्या घरात गेला, विमानानं आणावा लागला. २००७-०८ ला भारतानं, मग व्हिएतनामनं तांदूळ अडवला. जगात तांदळाचा तुटवडा नव्हता, तरी घाबरून फिलिपिन्सनं मिळेल त्या भावानं उचलला आणि थाई तांदूळ काही महिन्यांत टनाला हजार डॉलरच्या आसपास पोचला. शिवाय एकदा पोळलेलं गिऱ्हाईक दुसरं दुकान बघतं. बांगलादेशनं पाकिस्तान, तुर्कस्तान, इजिप्तचा कांदा आणला, आपली पेरणी वाढवायला घेतली. त्यात माझंच नुकसान.

आता देशात खरंच खायला नसेल तर कोणीही दार लावेल, तेवढं मान्य. पण मग पडलेल्या भावातला फरक शेतकऱ्याला द्या.

दाजी वाचत असतील तर, ताईची गोणी यंदाही येईल. पण सोबत पट्टी, म्हणजे मालाचं बिल येईल, साडेतीन हजाराच्या भावानं.