नागपुरात कॉन्टॅक्टचा वर्ग सुरू करताना: आधी जमीन, मग जॅम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात दहा दिवसांच्या निवासी कार्यशाळेत तुम्ही कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन, म्हणजे एकमेकांना अंगाने वजन देत-घेत, आधी काही न ठरवता करायचे नृत्य, शिकलात, पुढे वर्षभर जमेल तेव्हा जॅमना, म्हणजे जमून हे नृत्य मोकळेपणाने करण्याच्या बैठकांना, जात राहिलात, आणि आता नागपुरात परत आल्यावर इथे दर महिन्याला खुला जॅम सुरू करावा असे तुमच्या मनात आहे. हाती प्रमाणपत्र नाही, स्त्री-पुरुषांच्या स्पर्शाबद्दल लोक काय म्हणतील याची धास्ती आहे, आणि हॉल कसा निवडावा हे ठरत नाही. मी नऊ वर्षांपासून नागपुरात हे शिकवते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझे मत आधीच सांगते: जॅमने सुरुवात करू नका. आठ-दहा ठरावीक माणसांचा साप्ताहिक वर्ग किमान चार महिने चालवा आणि त्या वर्गातूनच जॅम उगवू द्या. ज्या शहरात आधीपासून शंभर-दीडशे लोक हे नृत्य करतात, तिथे एखादा नवखा माणूस जॅममध्ये आला तरी आजूबाजूच्या जाणत्यांकडे पाहून तो शिकतो. आपल्या शहरात असे जाणते फारसे नसतात. सगळेच नवखे असलेल्या खुल्या जॅममध्ये पहिल्या अर्ध्या तासात लोक अवघडून भिंतीपाशी उभे राहतात आणि नंतरच्या अर्ध्या तासात कोणीतरी कोणाला तरी उचलू पाहते. माझ्या पहिल्या जॅममध्ये नेमके हेच झाले. कोटा फरशीवर दोन सतरंज्या अंथरल्या होत्या, एका मुलाने मैत्रिणीला खांद्यावर घेतले, सतरंजी सरकली आणि तिने तोल सावरण्यासाठी हात खाली टेकवला. मनगटाचे हाड मोडले. दोष त्या दोघांचा नव्हता, कारण पडायचे कसे हे मी त्यांना शिकवलेच नव्हते.

प्रमाणपत्राचा प्रश्न इथेच येतो. या नृत्यप्रकारात अधिकृत प्रमाणपत्र देणारी मध्यवर्ती संस्था नाही, आणि ती जाणूनबुजून उभी केलेली नाही. हे नृत्य सुरू करणारे अमेरिकन नर्तक स्टीव्ह पॅक्स्टन यांनी जानेवारी १९७२ मध्ये अमेरिकेतील ओबर्लिन कॉलेजात विद्यार्थ्यांना घेऊन 'मॅग्नेशियम' हा नृत्यप्रयोग सादर केला. त्यात मॅटवर आदळणे, घसरणे, लोळणे, पुन्हा उठणे होते आणि शेवटी काही मिनिटे नुसते स्तब्ध उभे राहणे होते. त्याच वर्षी जूनमध्ये न्यूयॉर्कच्या जॉन वेबर गॅलरीत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम 'कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन' या नावाने लोकांसमोर आणले. पाहणाऱ्यांनी ते आपापल्या गावी करून पाहायला सुरुवात केली आणि दुखापतींच्या बातम्या कानावर येऊ लागल्या. त्यावर नावाची कायदेशीर नोंदणी करून, शिकलेल्यांनाच शिकवण्याची परवानगी द्यावी असा विचार १९७५ च्या सुमारास झाला होता. मात्र मग कोण शिकवतो आणि कोण नाही यावर पहारा ठेवावा लागला असता, आणि तो कोणालाच नको होता. त्याऐवजी त्यांनी एक वार्तापत्र काढले, ज्यात करणाऱ्यांनी आपले अनुभव एकमेकांना कळवावेत. तेच पुढे 'कॉन्टॅक्ट क्वार्टर्ली' झाले आणि पॅक्स्टन यांच्या सुरुवातीच्या सहकारी नॅन्सी स्टार्क स्मिथ यांनी ते अनेक दशके सांभाळले. तेव्हा प्रमाणपत्र नसल्याने तुम्ही अडणार नाही. परवाना देणारे कोणी नसल्यामुळे पूर्ण जबाबदारी मात्र शिकवणाऱ्यावर येते, आणि ती पेलायची तर आपल्याला काय येते आणि काय येत नाही हे पहिल्या दिवशी वर्गाला स्पष्ट सांगितले पाहिजे. तुम्हाला उचलण्याचे प्रकार नीट येत नसतील तर ते शिकवू नका. त्यांच्याशिवायही वर्षभर पुरेल एवढे काम आहे.

ते काम जमिनीपासून सुरू होते. पॅक्स्टन आधुनिक नृत्यातले नावाजलेले नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम यांच्या नृत्यसंघात नाचलेले होतेच, शिवाय ते ऐकिडो ही जपानी युद्धकलाही शिकले होते, आणि पडण्याची जी समज या नृत्यात आहे तिचा मोठा भाग ऐकिडोतून आला आहे. मी पहिले तीन वर्ग फक्त पडण्यावर घेते. सुरुवात उकिडवे बसून करायची. एका बाजूला कलायचे, आणि पोटरी, मांडीची बाहेरची बाजू, खुब्याचा मांसल भाग, मग तिरकी पाठ आणि खांद्याचे पाते अशा क्रमाने शरीर जमिनीला देत जायचे. श्वास सोडत पडायचे, हनुवटी छातीकडे ठेवायची आणि तळहात ताठ करून जमीन रोखायची नाही. हे शेवटचे सर्वांत अवघड आहे, कारण हात पुढे जाणे ही लहानपणापासूनची प्रतिक्रिया असते. म्हणून आम्ही दोन्ही हातांत घडी केलेला पंचा धरून लोळतो, म्हणजे तळहात उघडतच नाही. उकिडव्यावरून जमले की गुडघ्यांवरून, मग अर्धे वाकून, आणि उभ्याने सर्वांत शेवटी. गावात ज्युदो शिकवणारे कोणी ओळखीचे असेल तर त्यांना दोन वर्गांसाठी बोलवा. त्यांच्याकडून मी जेवढे शिकले तेवढे नृत्याच्या कार्यशाळांतही शिकले नव्हते.

उभे राहण्याचा सरावही सुरुवातीलाच द्या. पॅक्स्टन त्याला 'स्मॉल डान्स' म्हणत. डोळे मिटून पाच ते दहा मिनिटे उभे राहायचे आणि आपण पडू नये म्हणून घोट्यांत, गुडघ्यांत, कण्यात जे बारीक बदल आपोआप चालू असतात ते फक्त लक्षात घ्यायचे. पहिल्या दिवशी लोकांना हा वेळ जड जातो. चौथ्या-पाचव्या आठवड्यात जोडीदाराचे वजन अंगावर आल्यावर हेच बारीक बदल त्यांना ऐकू येऊ लागतात, आणि मग वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आता वजन. इथे मला आपल्याकडची फुगडी फार उपयोगी पडली. हात अडकवून, पावले जवळ ठेवून दोघी मागे रेलतात तेव्हा एकीचा तोल दुसरीच्या हाती असतो. एक जरी कमी रेलली तरी दुसरी ओढली जाते, आणि पकड सुटली तर दोघीही पडतात. मी गिरक्या काढून टाकते आणि थांबलेली फुगडी करायला लावते: मागे रेला, तिथेच राहा, आता दोघेही सावकाश खाली बसा आणि तसेच उठा. वर्गात एखादी चाळिशीची बाई असेल जिने मंगळागौरीत रात्र जागवली आहे, तर तिला हे पंचविशीच्या जिममध्ये जाणाऱ्या मुलापेक्षा लवकर जमते, आणि वर्गाला ते दिसते. पुरुषांसाठी तसाच दाखला आखाड्याचा. लाल मातीत दोन मल्ल एकमेकांच्या मानेवर, छातीवर वजन टाकून समोरच्याचा पुढचा विचार त्वचेतून ओळखतात. कॉन्टॅक्टमध्ये ऐकणे तेच असते, चीत करण्याचा हेतू तेवढा नसतो. मात्र यावरून 'हे मुळात आपलेच आहे' असे विद्यार्थ्यांना सांगू नका. ते खरे नाही, आणि ज्यांनी हे घडवले त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. आपल्या लोकांच्या शरीरांना वजनाची ओळख आधीपासून आहे, एवढेच म्हणणे पुरेसे आहे. फुगडीत बाया बायांबरोबर असतात आणि आखाड्यात पुरुष पुरुषांबरोबर. स्त्री-पुरुषांनी एकत्र ते करणे, एवढाच भाग आपल्याकडे खरोखर नवा आहे.

त्या नव्या भागाबद्दल तुम्ही स्पर्शाची नियमावली मागितली आहे. नियम लिहा, पण माझ्या अनुभवात स्पर्शाविषयीचा बराच गोंधळ अचूक शिकवण्याने कमी होतो. 'जोडीदाराला जाणून घ्या', 'मोकळे व्हा' अशा सूचना दिल्या की लोकांना हातांनी काय करावे ते कळत नाही आणि हात भटकतात. 'तुमच्या खांद्याच्या पात्यावर त्यांचे खांद्याचे पाते ठेवा, दोन किलो वजन द्या, आता पाच किलो द्या, संपर्काचा बिंदू पाठीवरून सरकू द्या, हात मोकळे लोंबू द्या' असे सांगितले की स्पर्शाला काम मिळते. थांबलेली फुगडी सोडली तर पहिले दोन महिने मी तळहाताने पकडणे पूर्ण बंद ठेवते.

एवढ्याने सगळे सुटत नाही. नकार द्यायला शिकवावे लागते, आणि त्यासाठी मराठीत 'नको' हा फार चांगला शब्द आहे. त्यात समोरच्या माणसाचा अव्हेर नाही, फक्त ती गोष्ट आत्ता नको आहे. 'नको', 'पुरे' आणि 'थांबा' हे तीन शब्द आम्ही प्रत्येक वर्गाच्या सुरुवातीला मोठ्याने उच्चारतो. जोडीत एकाने हात पुढे करायचा, दुसऱ्याने 'नको' म्हणायचे, पहिल्याने 'बरं' म्हणून बाजूला व्हायचे, आणि हे दहा वेळा. यात एक अडचण आपल्याकडची आहे. वयाने किंवा मानाने मोठ्या माणसाला, ज्याला आपण 'सर' किंवा 'भाऊ' म्हणतो, त्याला 'नको' म्हणताना जीभ अडते. म्हणून पहिला नकार माझ्यावर घेते: वर्गातल्या सर्वांत लहान मुलीला मी हात देते आणि ती मला सर्वांसमोर 'नको' म्हणते. दुसरी गोष्ट नात्यांच्या शब्दांची. 'ती मला बहिणीसारखी आहे' हे वाक्य नृत्याच्या मजल्यावर परवानगी म्हणून चालू देऊ नका.

हे मी उशिरा शिकले. आमच्या जॅमच्या दुसऱ्या वर्षी एक अनुभवी, सर्वांना मदत करणारा सदस्य होता, आणि नव्या मुली हळूहळू तो नसेल त्या हॉलच्या अर्ध्या भागात नाचू लागल्या होत्या. मला ते दिसत होते. त्यातली एक यायची थांबली तेव्हा परीक्षा असेल असे मी स्वतःला समजावले. महिन्याभराने तिने फोन केला आणि जे सांगितले ते ऐकून मला कळले की मी जे पाहिले होते ते विचारायला हवे होते. त्या सदस्याला आम्ही येणे बंद करायला सांगितले, पण ती मुलगी परत आली नाही. तेव्हापासून प्रत्येक जॅममध्ये दोन जण, त्यात एक स्त्री, न नाचता बसतात, त्यांची नावे सुरुवातीच्या वर्तुळात सांगितली जातात, आणि कोण कोणापासून दूर सरकते आहे याकडे लक्ष ठेवणे हेच त्यांचे काम असते. माणसे थोडी असताना दोन जण बाजूला बसवणे जिवावर येते, तरीही बसवा. अठरा वर्षांखालच्यांना जॅममध्ये घेऊ नका.

घरच्यांबद्दल विचारले आहे. जॅम पाहण्यासाठी खुला ठेवू नका, पण दोन महिन्यांतून एकदा वर्ग पाहायला आई-वडिलांना, नवऱ्याला, बायकोला बोलवा. थांबलेली फुगडी आणि लोळणे पाहून लोकांची बरीचशी शंका मिटते. फोन मात्र हॉलच्या बाहेरच्या टेबलावर. दहा सेकंदांच्या रीलमध्ये दोन माणसे एकमेकांवर रेललेली दिसतात, वजन दिसत नाही, आणि नागपुरात ती रील संध्याकाळपर्यंत कोणाच्या तरी मावशीपर्यंत पोहोचलेली असते. आमच्या एका विद्यार्थिनीला त्यापायी वर्ग सोडावा लागला.

हॉल निवडताना आधी फरशी पाहा. लाकडी जमीन मिळाली तर भाडे थोडे जास्त असले तरी घ्या. कोटा फरशीवर सावकाश काम होते, उडी आणि उचलणे करू नये. एकमेकांत अडकवण्याच्या फोमच्या मॅट पडायला बऱ्या, पण त्यावर पाऊल रुतते, वळताना गुडघा पिळवटतो आणि मॅटचे जोड सुटतात, म्हणून त्या फक्त लोळण्याच्या सरावाला. दहा जणांना साधारण सहाशे चौरस फूट मोकळी जागा हवी. हॉलच्या मालकाला 'डान्स क्लास' एवढेच सांगून जागा घेऊ नका. मी तसे केले होते, आणि तिसऱ्या आठवड्यात दरवाजातून पाहून त्यांनी आम्हाला सामान उचलायला लावले. आता पहिल्या वर्गालाच त्यांना बसवून घेते, आणि वर्ग चालू असताना दार उघडे ठेवते.

ऋतूही पाहावा लागतो. एप्रिल ते जूनमध्ये सकाळी सहाला सुरू करून साडेसातला संपवा. कूलरची हवा थेट फरशीवर येत असेल तर ओल धरते आणि पाय सटकतो, त्यामुळे कूलरचे तोंड वर करून ठेवा. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे स्नायू आखडलेले असतात, तेव्हा अंग तापवायला वीस मिनिटे जास्त द्या. नोव्हेंबरमध्ये, दिवाळी झाल्यावर सुरू केलेला वर्ग टिकतो असा माझा अनुभव आहे. परीक्षा येईपर्यंत तीन महिने सलग मिळतात.

संगीत पहिले चार महिने लावू नका. गाणे वाजले की लोक गाण्यावर नाचतात आणि जोडीदाराला ऐकायचे राहून जाते.

पैशांचा हिशेब साधा ठेवा. हॉलचे भाडे एका वर्गाला बाराशे असेल आणि नियमित आठ जण असतील तर माणशी दीडशे. तुमचे मानधन वेगळे सांगा आणि ते घ्या, कारण फुकट शिकवणारा माणूस वर्षभरात दमतो. ज्याला परवडत नाही त्याने कमी द्यावे आणि ते फक्त तुम्हाला कळावे.

पहिल्या वर्गाच्या सूचनेत एवढे लिहा: पूर्ण बाह्यांचा सुती टी-शर्ट आणि पायजमा, कारण घामेजलेली त्वचा त्वचेला चिकटते, नखे कापलेली, केसांना आणि अंगाला तेल नको, अंगठ्या, कडे, बांगड्या, घड्याळ आणि पट्टा काढलेला. मंगळसूत्र काढायचे नसेल तर ते मागे वळवून कापडी चिकटपट्टीने पाठीला चिकटवता येते, ती पट्टी तुम्ही सोबत ठेवा. आणि तुम्ही स्वतः तासभर आधी जाऊन हॉल झाडून घ्या, मग गुडघ्यांवर बसून सगळ्या फरशीवरून तळहात फिरवा. खिळ्याचे डोके, फुटलेल्या टाइलची धार किंवा लाकडाची कुसळ डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागते.