सातबाऱ्यावरची दुसरी सही

भाऊ,

पत्र पोचलं. नवापूर तालुक्यातलं तुमचं अंड्यांच्या कोंबड्यांचं फार्म, 2006 चा बर्ड फ्लू, मग 2021 चा. दोन्ही वेळा सगळे पक्षी खड्ड्यात पुरावे लागले आणि दोन्ही वेळा तुम्ही शेड पुन्हा भरलं. आता खाद्य महागलंय, दोन हप्ते थकलेत. धुळ्याला शिक्षक असलेला धाकटा भाऊ पैसे द्यायला तयार आहे आणि तुम्ही म्हणता, ‘आजवर कुणापुढे हात पसरला नाही, आता धाकट्यापुढे पसरू?’ त्यावर वहिनी बायबलच्या नीतिसूत्रांतलं ‘नाशाआधी गर्व येतो’ हे वचन ऐकवतात. म्हणून तुम्ही विचारता: स्वतःच्या पायावर उभं राहणं पवित्र शास्त्रात पाप आहे का?

नाही. प्रेषित पौल तंबू शिवून पोट भरायचा आणि कुणावर भार टाकला नाही, हे ताठ मानेनं सांगायचा. पण फिलिप्पैच्या मंडळीनं पाठवलेली मदत त्यानं घेतली, पत्रात तिची आठवणही ठेवली. आणि वहिनींना माझा निरोप द्या: वचन बरोबर आहे, पण रोज ताटात वाढलं तर कुणालाही गिळवत नाही.

तुम्ही 2 इतिहास, अध्याय 26 वाचा. यहूदाचा राजा उज्जीया सोळाव्या वर्षी गादीवर आला, यरुशलेमेत 52 वर्षं राज्य केलं. आपल्याकडच्या शेतकऱ्याला आवडावा असा राजा. रानात बुरूज बांधले, पुष्कळ विहिरी खोदल्या, गुरंढोरं उदंड, डोंगरात द्राक्षमळे. त्याला शेतीची आवड होती, असं तिथं चक्क लिहिलंय. हे सगळं सांगून झाल्यावर येतं की त्याला अद्भुत साहाय्य मिळत गेलं आणि तो बलाढ्य झाला. लगेच पुढच्या वचनात, बलाढ्य झाल्यावर तो उन्मत्त झाला. मंदिरात शिरला आणि याजकांचं धूप जाळायचं काम स्वतःच करायला निघाला. अजऱ्या याजक आणि त्याच्यासोबतचे 80 जण आडवे आले, तर त्यांच्यावरच चिडला. तिथंच कपाळावर कोड उठलं. मरेपर्यंत वेगळ्या घरात राहिला, कारभार मुलानं पाहिला.

विहिरी खोदल्या म्हणून त्याला कुणी बोल लावलेला नाही. मधली ती साहाय्याची ओळ तो विसरला, तिथं बिघडलं.

आता तुमचं पत्र. तिसऱ्या पानावर तुम्ही ओझरतं लिहिलंय की पहिल्या कर्जाला वडिलांची सामाईक जमीन तारण ठेवली, सातबाऱ्यावर दोघांची नावं होती. म्हणजे धाकट्यानं सही दिली, तीही स्वतःला नोकरी नसताना. 2021 नंतर सरकारी भरपाई तुम्ही घेतलीत, आणि घ्यायलाच हवी होती. मग ‘हात पसरला नाही’ कसं? मला तरी वाटतं, पैसे घ्यायला तुमची ना नाही, धाकटा मोठा झालेला बघवत नाही. झोंबेल हे. झोंबू दे.

नामानाची गोष्ट तुम्हाला संडेस्कूलपासून पाठ असेल. एवढा सेनापती, पण कोड बरं करायची वाट दाखवली ती घरातल्या बंदिवान पोरीनं, आणि संदेष्ट्यानं यार्देन नदीत बुडी मारायला सांगितल्यावर ‘आमच्या दिमिष्कातल्या नद्या काय वाईट?’ म्हणून रागानं निघाला तेव्हा समजूत काढली ती नोकरांनी. तुमच्याकडे खाद्याच्या बिलांचा हिशेब वहिनी ठेवतात. पक्षी कमी करा, असं त्या गेल्या वर्षापासून म्हणत होत्या, हेही तुम्हीच लिहिलंय.

आता वेळ घालवू नका. हप्ता 90 दिवसांवर थकला की खातं एनपीएत, म्हणजे बुडीत कर्जाच्या यादीत जातं, मग बँकेत बोलणं अवघड होतं. त्याआधी शाखेत जाऊन हप्ते नव्यानं बांधून मागा. भावाचे पैसे उसने म्हणून घ्या, कागदावर लिहा, परतीची तारीख टाका. भावाभावांत कागद कशाला, असं म्हणू नका. आणि फोनवर मुळीच नको, निम्मं लपवाल. सरळ धुळ्याची एसटी पकडा, पासबुक घ्या आणि वहिनींना सोबत न्या. आकडे त्यांना तोंडपाठ आहेत.

तुमची,
ताई