एकाच रक्तात डेंग्यू आहे आणि नाहीही?

प्रश्न : ताप आल्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या मुलीची डेंग्यूची तपासणी केली. ‘एनएस१’ पॉझिटिव्ह आणि ‘आयजीएम’ निगेटिव्ह असा अहवाल आला. रक्त एकच असताना असे कसे? प्रयोगशाळेची चूक तर नसेल?
– एक वाचक, सातारा

उत्तर : चूक मानण्याचे कारण दिसत नाही. एनएस१ हे विषाणूचे प्रथिन, म्हणजे प्रतिजन आहे. बाधित पेशी ते रक्तात सोडत असल्यामुळे तापाच्या पहिल्या दिवसापासूनच सापडू शकते. आयजीएम ही मात्र आपल्या शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे असून ती मोजता येण्याइतकी वाढायला साधारण ४-५ दिवस लागतात.

या दोन्ही गोष्टी रक्तात शोधण्याच्या एलायझा या प्रयोगशाळेतील पद्धतीत ९६ खळग्यांची प्लास्टिकची प्लेट वापरतात. एनएस१ शोधायचे असेल, तर त्याला नेमके धरणारी प्रतिपिंडे खळग्यात आधीच चिकटवलेली असतात. रक्तजल घातल्यावर एनएस१ तिथे अडकते, बाकीचे धुऊन जाते आणि मग त्याच प्रथिनाला दुसऱ्या जागी पकडणारी, विकर (एन्झाइम) जोडलेली प्रतिपिंडे सोडली जातात. तीही अडकली, तर शेवटी घातलेल्या रंगहीन द्रावणाला विकरामुळे निळा रंग चढतो. आम्लाने क्रिया थांबवली की तो पिवळा होतो आणि त्याची गडदता यंत्र मोजते. (यात सर्वांत कंटाळवाणे काम धुण्याचे, पण तिथेच हयगय झाली तर सुटे विकर मागे राहून खोटा रंग येतो.) आयजीएमसाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या संचात आधी रुग्णाची आयजीएम प्रतिपिंडे पकडायची, मग ती कशाविरुद्धची हे कळण्यासाठी डेंग्यूचा प्रतिजन घालायचा, असा क्रम असतो.

म्हणून अहवाल वाचताना तापाचा कितवा दिवस आहे, हे आधी पाहावे. आठवडाभरात एनएस१ मावळू लागते. पूर्वी डेंग्यू होऊन गेला असेल, तर जुनी प्रतिपिंडे त्याला वेढून लपवतात, त्यामुळे ते निगेटिव्ह आले म्हणून डेंग्यू नाहीच असे ठरत नाही. उलट आयजीएम दोन-तीन महिने रक्तात टिकत असल्याने ते पॉझिटिव्ह असले, तरी कारण आधीचा ताप असू शकतो.

आपल्या मुलीची आयजीएम चाचणी सहाव्या-सातव्या दिवशी पुन्हा केली, तर ती बहुधा पॉझिटिव्ह येईल. मात्र उपचार या चाचणीसाठी थांबत नाहीत, ते प्लेटलेट, रक्ताचा घट्टपणा आणि मुलीची अवस्था पाहून डॉक्टर ठरवतात.