चुकीच्या उत्तरांची वही

तुझा मेसेज काल रात्री पावणेबाराला आला, सोबत राजीनाम्याचा ड्राफ्ट आणि खाली "मॅडम, मला शिकवण्याशिवाय काहीच येत नाही, बाहेर कोण घेणार मला". ड्राफ्टचं नंतर बघू (त्यात 'अपरिहार्य' चुकलंय, ते आधी सुधार). आधी त्या शेवटच्या वाक्याचं बोलू, कारण अकरा वर्षं गणित शिकवून बाहेर पडताना मीही अगदी हेच म्हणत होते आणि त्यापायी जवळजवळ एक वर्ष वाया घालवलंय.

सीव्हीमध्ये मी काय काय भरलं होतं, मुलांची आवड, संयम, संवादकौशल्य, स्नेहसंमेलनाचं नियोजन सुद्धा. बाणेरला एका ऑफिसात इंटरव्ह्यू घ्यायला बसलेली मुलगी माझ्या पहिल्या बॅचमधली शोभली असती, ती अगदी गोड आवाजात म्हणाली, मॅम, संयम सगळेच लिहितात. मग तिने एक कागद पुढे सरकवला. त्यावर ३/८ + २/८ हे गणित, उत्तर ५/८, आणि खाली तीन रिकाम्या जागा, चुकीचे ऑप्शन तुम्ही लिहा म्हणे. अगं मला विचारच करावा लागला नाही! ५/१६, कारण निम्मा वर्ग छेदांची पण बेरीज करतो. ५/६४, कारण नुकतंच भिन्नछेद शिकलेलं पोर दिसेल तिथे छेद गुणत सुटतं. १/८, कारण शेवटच्या बाकावर एकजण चिन्ह न बघताच वजाबाकी करून मोकळा होतो. प्रत्येकापुढे मी हे असं लिहूनही टाकलं, तेव्हा ती लॅपटॉप बाजूला सारून नीट वाचायला लागली. ती नोकरी काही लागली नाही, पगाराचं जमलं नाही, पण आपल्याकडे विकण्यासारखं नेमकं काय आहे ते मला त्या दिवशी रिक्षात बसल्यावर कळलं.

बरोबर उत्तर कुणालाही येतं गं, आयटीतला इंजिनियर तुझ्यापेक्षा भरभर गणित सोडवेल. पण पोरं कुठे आणि का घसरतात ते त्याला माहीत नसतं. ०.३५ हे ०.४ पेक्षा मोठं, कारण ३५ हे ४ पेक्षा मोठे, हे उत्तर त्याला डोक्यात येणारच नाही आणि तू ते दरवर्षी पस्तीस वह्यांत बघतेस. सत्तावन्न लिहा म्हटलं की ७५ लिहिणारी पोरं आठवतात ना, आधी 'सत्ता' ऐकू येतं म्हणून सात आधी. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'पन्नास सात' असं म्हणायचा पर्याय आला तो याच अडचणीपायी, मंगला नारळीकर बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख होत्या, आणि तेव्हा टीव्हीवर, व्हॉट्सअ‍ॅपवर केवढी टिंगल झाली. पटो न पटो, पण मुद्दा वर्गातूनच आलेला होता.

तर आता काम. एक दोनशे पानी वही घे आणि आजपासून चुकीची उत्तरं उतरवायला लाग, मुलांची नावं नकोत, फक्त प्रश्न, उत्तर आणि तुझ्या मते ते पोर काय विचार करत असेल ते. मार्चपर्यंत शंभर-दीडशे होतील. यातल्या वीस-पंचवीसांचे नीट प्रश्न करून पीडीएफ कर, तो तुझा पोर्टफोलिओ. प्रश्नपेढ्या बनवणारे, ई-लर्निंगवाले, अप्पा बळवंत चौकातले वर्कबुक-गाइड काढणारे प्रकाशक, सगळ्यांना दाखवायला तो एकच चालतो. सेनापती बापट रोडला बालभारतीत समीक्षणाला शिक्षकांना बोलावतात, बोलावलं तर जरूर जा, शिकायला खूप मिळतं, पण ती नोकरी नव्हे, घर त्यावर चालत नाही.

माझं पोट चालतं ते इन्स्ट्रक्शनल डिझाइनवर, म्हणजे कंप्युटरवर शिकायचे धडे आखण्यावर. नाव मोठं आहे, पण रोजचं काम म्हणजे एक टेबल, डावीकडे स्क्रीनवर काय दिसणार, मध्ये आवाज काय बोलणार, उजवीकडे क्लिक केलं की काय होणार. याला स्टोरीबोर्ड म्हणतात. माझ्या पहिल्या स्टोरीबोर्डमध्ये मी आवाजाच्या रकान्यात लिहिलं होतं, "बरं, कळलं का सगळ्यांना?" त्यावर रिव्ह्यूमध्ये लाल कमेंट आली, "सगळ्यांना म्हणजे कोणाला?" खरंच की, समोर कोणीच नाही! वर्गात आपण चेहरे बघून गाडी मागे घेतो, इथे चेहराच नाही, तेव्हा पोर कुठे अडेल ते आधीच ओळखून तिथे थांबायचं असतं, आणि परत तुझी ती वहीच कामाला येते. सॉफ्टवेअर वगैरे, स्टोरीलाइन म्हणा की आणखी काही, महिन्या-दीड महिन्यात हाताला बसतं, त्याचं टेन्शन घेऊ नकोस आणि त्यासाठी चाळीस-चाळीस हजारांचे सर्टिफिकेट कोर्स तर मुळीच करू नकोस.

फ्रीलान्सने सुरुवात करशील तर एक सांगून ठेवते, माझ्या पहिल्या क्लायंटने साठ प्रश्नांचे पैसे साडेचार महिन्यांनी दिले, ते पण रोज फोन केले तेव्हा. थोडा तरी अ‍ॅडव्हान्स मागायला लाजू नकोस. बिलातून १० टक्के टीडीएस कापतील, रिटर्न भरताना तो हिशोबात धरायला विसरू नकोस.

बाकीचे रस्ते पण आहेत. स्पेशल एज्युकेटर व्हायचं तर स्पेशल एज्युकेशनचं शिक्षण आणि आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी लागते, वेळ जातो, पण काम टिकाऊ आहे. पुण्यातल्या रानडे इन्स्टिट्यूटला जर्मन किंवा जपानी करून भाषेच्या नोकरीत गेलेल्या दोन मैत्रिणी आहेत माझ्या, दोघी सुखात आहेत, पण तीन-चार वर्षं हाताशी हवीत. एनजीओमध्ये शिक्षकांचं ट्रेनिंग घेता येतं, पण फिरती भरपूर, आईचं बघून ठरव. आणि 'अ‍ॅकॅडमिक कौन्सेलर' अशी जाहिरात दिसली तर टार्गेट किती ते पहिल्याच फोनवर विचार, बऱ्याचदा ते कोर्स विकायचं काम असतं, पालकांना फोनवर पटवत बसायचं.

आता ड्राफ्ट. तो आत्ता देऊ नकोस, एक तर दहावीची पोरं अर्ध्यात सोडशील आणि दुसरं म्हणजे तुला येत्या जूनमध्ये पाच वर्षं पूर्ण होतात. ग्रॅच्युइटी सलग पाच वर्षांनंतर मिळते आणि शिक्षकांनाही मिळते. शाळेतला क्लार्क नाही म्हणेल, म्हणू दे, ग्रॅच्युइटीच्या कायद्यात २००९ मध्येच शिक्षकांसाठी दुरुस्ती झाली, १९९७ पासून लागू, आणि खाजगी शाळांनी त्याला दिलेलं आव्हान सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये फेटाळलंय. हिशोब तर तुला तोंडी येईल, शेवटचा बेसिक आणि डीए भागिले २६ गुणिले १५ गुणिले वर्षं. समज २६,००० असेल तर १५,००० गुणिले ५, म्हणजे ७५,०००. आठ महिने कळ काढायचे एवढे पैसे आहेत हे. पीएफ काढू नकोस, पुढच्या नोकरीत ट्रान्सफर कर.

तू परमनंट आहेस म्हणजे खाजगी शाळांच्या नियमावलीप्रमाणे तीन महिन्यांची नोटीस, म्हणून पत्र मार्चच्या मध्यावर. दोन प्रती काढायच्या, दोन्हींवर सही आणि तारीख, एक रजिस्ट्रेशनसह स्पीड पोस्टाने (वेगळं रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये बंद झालं) संस्थेला, एक तुझ्याकडे. जॉइन होताना तारखेशिवाय सही केलेला राजीनामा वगैरे काही लिहून दिलंयस का ते आठव आणि मला सांग. ओरिजिनल सर्टिफिकेट शाळेकडे ठेवली असतील तर ती आत्ताच, बँकेचं कारण सांग नाहीतर काहीही सांग, पण पत्र टाकायच्या आधी काढून घे. माझी शाळेने सात महिने अडकवून ठेवली होती आणि त्यात एक चांगली ऑफर हातची गेली.

शनिवारी साडेचारला घरी ये. सहामाहीचे पेपर तपासायचे राहिले असतील ना, गठ्ठा घेऊनच ये, मी चहा टाकते, तू मार्क दे आणि मी चुका मोठ्याने वाचते, वहीची पहिली चार पानं तिथेच भरतील.